लाल पिशवीतली तेरा बटणं

दिवाळीचे अंक मी दर वर्षी वाचते. शेजारच्या गुरुजींकडे ते येतात, आणि त्यांचं वाचून झालं की त्यांची सून कुंपणावरून मला हाक मारते. त्यांत निवृत्त माणसं आपल्या नोकरीबद्दल लिहितात. फौजदाराने लिहिलं की चोर हुशार निघतो, सर्जनने लिहिलं की रोगी वाचतो. कपडे धुणाऱ्या बाईने लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, छापायला द्यायचं नाही. माझं शिक्षण चौथी, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मला घाम फुटतो. वहीत लिहिताना तोंडाकडे कुणी बघत नाही.

मी सौदीत अकरा वर्षं हॉस्पिटलचे कपडे धुतले. आमची कंपनी दम्मामच्या बाजूला होती. धाहरानच्या तेल कंपनीच्या बसगाड्या रोज आमच्या दारावरून जायच्या, काचा काळ्या, आत गारवा. आमच्याकडे आसपासच्या हॉस्पिटलांतून गाड्या भरून चादरी, गाउन, डॉक्टरांचे कोट यायचे. आम्ही चौसष्ट बायका होतो. तीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आपलं सरकार बाईला असल्या कामाला पाठवत नाही, त्यामुळे आमच्यात पोरी नव्हत्या. सगळ्या एकेक संसार करून दमलेल्या आणि म्हणून दुसऱ्यांचे कपडे धुवायला आलेल्या.

धुलाई म्हटलं की लोकांना वाटतं साबण, पाणी आणि पिळणं. हॉस्पिटलची धुलाई तशी नसते. तिथे इमारतीच्या मधोमध भिंत असते. भिंतीच्या अलीकडे मळकी बाजू, पलीकडे साफ बाजू. मशीन त्या भिंतीतच बसवलेलं असतं आणि त्याला दोन दारं असतात. मळका कपडा इकडून आत जातो, धुतलेला तिकडून बाहेर येतो, आणि इकडची बाई तिकडे जात नाही. मी इकडची. सुमन तिकडची, इस्त्रीवर. अकरा वर्षांत मी धुतलेली चादर घडी केलेली कशी दिसते ते मी फक्त हॉस्पिटलात दाखल झाले तेव्हा पाहिलं.

मळक्या बाजूला कपडे तीन रंगांच्या पिशव्यांतून येतात. पांढरीत साधे, निळीत ऑपरेशनचे, लालमध्ये संसर्गाच्या रोग्यांचे. पांढरी उघडायची, निळी जपून उघडायची. लाल उघडायची नाही. ती तशीच्या तशी मशीनमध्ये टाकायची, गरम पाण्यात ती पिशवी आपोआप विरघळते. कामावर आल्या दिवशी, नाव विचारायच्याही आधी, आम्हाला शिकवलं जायचं ते हेच, की लाल पिशवीत हात घालायचा नाही. एकीने घातला होता, माझ्या यायच्या आधी. सुई टोचली, सहा महिने तपासण्या झाल्या. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिची गोष्ट मी दहा नव्या बायकांना सांगितली असेल.

बाकीच्या पिशव्यांतून काय काय निघायचं. कात्र्या, चष्मे, जपमाळा, एकदा दातांची कवळी. ती कवळी वाळवंटात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बदूची होती आणि त्याचा मुलगा तीन दिवस गेटवर येऊन बसला होता. कवळी सापडली तेव्हा तो दुवा द्यायला लागला, आणि मी इतकी लाजले की ती त्याला न देता वॉचमनच्या हातात ठेवून पळाले. वॉचमनला त्याने खजुराचा डबा दिला.

आमचं राहणं कंपनीच्या इमारतीत, आठ खोल्या, खोलीत आठ जणी. प्रत्येक खोली आपली एक प्रमुख ठरवायची. पाणी आलं नाही, एसी बंद पडला, कुणी आजारी झालं, की प्रमुख बोलणार. आणि या आठ प्रमुख मिळून एक लीडर निवडायच्या, जी कंपनीच्या ऑफिसात जाऊन सगळ्यांच्या वतीने बोलायची. मी आमच्या खोलीची प्रमुख होते. यात माझी लायकी काही नव्हती. दुसरी कुणी तयार नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

लीडर होती नसीमबाजी, हैदराबादची. माझ्या आधीपासून होती आणि दर वर्षी तीच व्हायची. आम्ही आठ जणी तिच्या पलंगाभोवती चहा घेऊन बसायचो, ती विचारायची, "फिर मैं ही?" आणि आम्ही माना हलवायचो. ती वाईट नव्हती. फक्त कुणाला खालचा पलंग मिळेल आणि कुणाला वरचा, हे ती ठरवायची, आणि आठही प्रमुखांना खालचा पलंग होता. माझा तर एसीसमोर होता. मी दर वर्षी मान हलवली.

मग सौदीकरणाची वर्षं आली. सरकारने कंपन्यांना रंग वाटले. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, नसली तर लाल. लाल कंपनीच्या माणसांचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, नवे करून मिळत नाहीत. आमची कंपनी लाल निघाली. मग धावपळ सुरू झाली. आमच्या ऑफिसात केरळचा एक क्लार्क होता, चौदा वर्षं झालेली. त्याच्या जागेवर नूरा नावाची सौदी मुलगी आली. त्याने तिला महिनाभर सगळं शिकवलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि घरी गेला. आपल्या जागेवर येणाऱ्या माणसाला नीट शिकवून जायचं, ही त्या वर्षांत बऱ्याच जणांची शेवटची ड्यूटी असायची.

नूरा चोवीस-पंचवीसची. पहिलीच नोकरी, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. वडील सकाळी सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. ती एकटी डबा खायची. आम्हाला वाटायचं गर्व आहे. पुढे कळलं, ती आम्हालाच घाबरत होती.

तिच्यासमोर दोन कामं आली. एक म्हणजे बारा जणींची यादी. साफ बाजूला, घडी आणि इस्त्रीवर, सौदी बायका भरायच्या होत्या, म्हणून आमच्यातल्या बारा जणींना परत पाठवायचं. मळक्या बाजूचं काम कुणालाच नको होतं, तिथे आम्हाला धोका नव्हता. यादी सुपरवायझरने केली, आणि त्याने ती कामावरून केली नाही, तोंडावरून केली. ज्या बोलतात त्या वर. पहिलं नाव सुमनचं होतं.

सुमनबद्दल सांगायला हवं. ती नाशिककडची. सगळ्या कंपनीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, ती आणि मी कोकणातली. आधी चार वर्षं ती एका सौदी घरात कामाला होती, तिथे अरबी शिकली, भांडण्यापुरती नाही, चांगली. नवरा सोडून गेलेला. मुलगी अस्मिता नर्सिंगला, अजून दीड वर्ष बाकी. माझ्याहून लहान, मला आपा म्हणायची आणि माझ्यावर ओरडायची.

नूराचं दुसरं काम लीडरचं. कंपनीच्या नव्या नियमात लिहिलं होतं की कामगारांनी निवडलेली एक प्रतिनिधी मुदीरच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या बैठकीत बसेल, यादीवर तिची सही लागेल, आणि तिचं वर्ष पुरं होईपर्यंत तिला कामावरून काढता येणार नाही. हे कळल्यावर सुमनचं काय ठरलं असेल ते सांगायला नको. ती प्रतिनिधी झाली तर राहणार होती. नाहीतर विमान.

पण निवडायचं कुणी? जेवणाच्या हॉलमध्ये सभा भरली. बोलणं सगळं हिंदीत चाललं, मी मराठीत लिहिते. नसीमबाजीचं 'हौ' तेवढं तसंच ठेवते.

नसीमबाजी म्हणाली, "पद्धत आहे की आपली. खोल्यांनी प्रमुख निवडल्यात, प्रमुख लीडर निवडतील. चौसष्ट जणींनी मत दिलं तर काय होणार? केरळवाली केरळवालीला देणार, बंगालवाली बंगालवालीला. ज्या मुलखाच्या बाया जास्त, त्यांची लीडर. कुणाला बोलता येतं, कुणाला नाही, ते आम्ही आठ जणी जाणतो."

सुमन उठून उभी राहिली. "बाजी, तुम्ही आठ जणी काय जाणता ते आम्हालाही माहीत आहे. आठांपैकी वरच्या पलंगावर कोण झोपतं, हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. बाकीच्या सगळ्या हसल्या. मी ताटाकडे बघत बसले.

"हौ, माझी कंबर दुखते म्हणून खाली झोपते," नसीमबाजी म्हणाली.

"आठ जणींची एकदम दुखते? एवढी साथ आली आणि हॉस्पिटलला कळवलं नाही?"

"चढून दाखव तू माझ्या वयात वरच्या पलंगावर!"

"पात्तुम्मा चढते. तुमच्याहून मोठी आहे."

पात्तुम्मा मळक्या बाजूची, केरळची, माझ्याच मशीनवर. आपलं नाव निघालेलं ऐकून तिने हसून दोन्ही गुडघे चोळून दाखवले.

नूरा दारात उभी राहून बघत होती. तिने सुमनला बोलावून विचारलं, सुमनने सांगितलं, आणि नूराने नियमाचा कागद उघडून बोट ठेवलं. कागदात 'कामगारांनी' लिहिलं होतं, 'प्रमुखांनी' नव्हतं. ठरलं, सगळ्यांनी मत द्यायचं. मला त्या वेळी जरा वाईट वाटलं. आतापर्यंत माझं मत आठातलं एक होतं, आता चौसष्टातलं एक झालं. मी ते कधी वापरलं नव्हतं हे खरं, पण कमी झालं की जाणवतं.

फॉर्मवर तीन नावं हवी होती. नावं दोनच, नसीमबाजी आणि सुमन. तिसरी कुणी होईना. संध्याकाळी सुमन माझ्या पलंगावर येऊन बसली.

"आपा, तुझं नाव टाकते."

"माझं? मी मरेन."

"मरायचं काय त्यात? फॉर्म भरायला पाहिजे. तुला कोण मत देणार आहे!"

"हे बाकी खरं."

"आणि भाषण-बिषण काही नाही. नुसतं नाव."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तोपर्यंत तरबेज झाले होते.

आता अडचण अशी, की आमच्यात सहा-सात लिपी वाचणाऱ्या बायका, आणि बऱ्याच जणी कुठलीच न वाचणाऱ्या. चिठ्ठी लिहिणार कोण? नूराने विचार करून मार्ग काढला. तिघींच्या तीन पिशव्या ठेवायच्या, प्रत्येकीने पडद्यामागे जाऊन आपल्या बाईच्या पिशवीत एक बटण टाकायचं. बटणांना तोटा नव्हता. डॉक्टरांच्या कोटांची तुटलेली बटणं मशीनच्या जाळीत अडकतात, ती आम्ही बिस्किटांच्या डब्यात साठवायचो. पिशव्यांसाठी नूरा स्टोअरमध्ये गेली आणि वेगवेगळ्या रंगांच्या तीन नव्या कोऱ्या पिशव्या घेऊन आली. पांढरी, निळी, लाल. स्टोअरमध्ये तेवढेच रंग होते.

सोडत काढली. नसीमबाजीला निळी, मला पांढरी, सुमनला लाल. सुमन खूश झाली. "बरं झालं. लांबून दिसेल."

वाचणाऱ्याला आता सगळं समजलं असेल. त्या दिवशी आम्हा चौसष्ट जणींपैकी एकीलाही समजलं नाही. नूरा मळक्या बाजूला कधी आली नव्हती. सुमन इस्त्रीवर, तिने लाल पिशवी आयुष्यात हाताळली नव्हती. आणि आम्ही ज्या रोज हाताळायचो, त्यांना ती गोष्ट डोक्याने माहीतच नव्हती, हाताला माहीत होती. हात बोलून दाखवत नाही.

शुक्रवारी मतदान झालं. हॉलच्या कोपऱ्यात चादरी टांगल्या होत्या, मागे टेबलावर तीन पिशव्या. माझी पाळी आली. मी मुठीत बटण धरून आत गेले. मला सुमनला मत द्यायचं होतं, त्यात काही शंका नव्हती. माझा हात लाल पिशवीपर्यंत गेला आणि तोंडाशी थांबला. का थांबला ते मी त्याला विचारलं नाही. बाहेर बायका खोळंबल्या होत्या, चादरीमागे फार वेळ उभं राहायची लाज वाटली, आणि बटण पांढरीत पडलं. म्हणजे मी स्वतःला मत दिलं. घाईत झालं, एका मताने काय होतं, असं म्हणत मी बाहेर आले. पुढे कळलं की तसंच म्हणत बऱ्याच जणी बाहेर आल्या होत्या.

मोजणी सगळ्यांसमोर. नूराने आधी निळी पिशवी ओतली. वीस. मग लाल घेतली. बटणं तळाशी अडकली होती म्हणून तिने बाही मागे सारून पिशवीत हात घातला.

हॉलभर किंकाळी उठली. मळक्या बाजूच्या चाळीस बायका एकदम ओरडल्या, प्रत्येक आपापल्या भाषेत. पात्तुम्मा गुडघे विसरून धावली आणि तिने नूराचा हात मनगटाला धरून बाहेर ओढला. एकीने खिशातून हातमोजे काढले. नूरा पांढरी पडली. "काय झालं? काय आहे आत?"

आत बटणं होती. तेरा. इस्त्रीवर सुमन धरून बरोबर तेरा बायका होत्या.

एकतीस बटणं माझी निघाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या. पात्तुम्मा मला म्हणाली, "मी सुमनला देत होते. हात गेला नाही." मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. आधी हसली ती सुमन. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून नूराला म्हणाली, "चूक झाली. पुन्हा घ्या."

नूराने निकाल फोनवरून वर कळवून टाकला होता. तिची बोली संपायला तीन आठवडे होते. पहिल्याच निवडणुकीत पिशव्या चुकीच्या आणल्या हे ती कुणाला सांगणार? ती अगदी हळू म्हणाली, "सगळ्यांनी मत द्यायचं असं तुम्हीच म्हणालात. सगळ्यांनी दिलं."

"हौ," नसीमबाजी म्हणाली. "आठ जणींनी निवडलं असतं तर हे झालं नसतं. आम्हाला पिशवी लागत नाही."

हे खरं होतं. त्यांना पलंग लागायचा. आठ जणी निवडतात तेव्हा त्या पलंग बघतात, चौसष्ट जणी निवडतात तेव्हा पिशवीचा रंग बघतात. मी दोन्ही पद्धतींनी निवडून आलेली बाई आहे, आणि दोन्ही वेळा लायकी नसताना. तेव्हा यातली चांगली पद्धत कुठली हे मला विचारलं तर मी दोन्हींच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहीन.

मी नूराला जाऊन म्हटलं, मला नको हे. तिने फॉर्म दाखवला. मी नाकारलं तर दुसरी येणार, नसीमबाजी. तिसरी नाही. नसीमबाजीने यादीवर सही केली असती. सुपरवायझर तिच्या ओळखीचा होता. म्हणून मी ती जागा घेतली. जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट विचार करून घेतली, आणि घेऊन आल्यावर लक्षात आलं, की आता त्या खोलीत जाऊन बोलायचं होतं.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला तिचा आजही थोडा अभिमान आहे. नियमात लिहिलं होतं की प्रतिनिधीने जे ऐकलं ते तिला तिच्या भाषेत समजलं पाहिजे. मी नूराला म्हटलं, मला फक्त मराठी कळतं. हे खोटं होतं. मी हिंदी बोलते, कामापुरतं अरबी समजतं, आणि हे मी तिला हिंदी-अरबीतच सांगत होते. नूराने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि ती काय समजली कोण जाणे. तिने लिहिलं, दुभाषी हवी.

कंपनीत मराठी जाणणारी दुसरी एकच बाई होती.

सुमनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपा, हे म्हणजे काय झालं कळतंय का तुला? त्यांनी तुला निवडलं आणि तू मला निवडलंस. मी ज्याच्याविरुद्ध भांडले तेच."

"मग येऊ नकोस."

"येते ना. तत्त्व तत्त्वाच्या जागी."

पहिल्या बैठकीत मुदीर, सुपरवायझर, नूरा आणि आम्ही दोघी. यादी वाचली गेली. मी खाली बघत म्हटलं, "सुमन, सांग, आधी विचारा की कुणाला जायचंय." सुमन सुरू झाली. दहा मिनिटं बोलत होती. करार पुरा व्हायच्या आधी जायचं तर कंपनीची परवानगी लागते, आणि ती कुणाला मिळत नव्हती. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या मुलीचं लग्न. ज्यांना जायचं त्यांना धरून ठेवलंय आणि ज्यांना राहायचं त्यांना पाठवताय. जायचं असेल त्यांना जाऊ द्या, इस्त्रीवरच्या बायका मळक्या बाजूला येतील, तुमच्या जागा रिकाम्या होतील, काम थांबणार नाही.

मुदीरने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही तर चार शब्द बोलली."

"मराठी भाषा फार आटोपशीर आहे," सुमन म्हणाली.

मुदीर हसला. त्याने एक आठवडा दिला.

त्या आठवड्यात मी आणि सुमन आठही खोल्यांत फिरलो. जायचं का, एवढंच विचारायचं. काही बायका प्रश्न ऐकूनच रडल्या. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. दहा नावं झाली. अकरावी आली ती नसीमबाजी. "कंबर खरंच दुखते," ती म्हणाली. "पण लिहू नका लगेच. तुम्ही दोघी त्या खोलीत काय दिवे लावता ते बघते आधी." दुसऱ्या दिवशी तिने आपणहून लिहायला सांगितलं, पण एका अटीवर. विमान मिळेपर्यंत, खैरून, म्हणजे मी, कुठे अडली किंवा पडली, तर तिची जागा आपली. मला ती अट तेव्हा काही महत्त्वाची वाटली नाही.

अकरा. बारावी मिळेना. आम्ही पुन्हा आठ खोल्या फिरलो. मिळाली नाही.

दुसऱ्या बैठकीत मुदीर घाईत होता. त्याने अकरा नावं मान्य केली, चहा सरकवला, आणि सुमनला काहीतरी विचारलं. सुमन माझ्याकडे वळली. शाळेतल्या बाई धडा वाचतात तसं तिने सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"साहेब म्हणतात, एक कमी आहे. जुन्या यादीत पहिलं नाव सुमनचं आहे. तिला पाठवायचं की दुसऱ्या कुणाला, ते प्रतिनिधीने आत्ता सांगावं."

"माझं नाव सांग," मी म्हटलं.

"आपा, नीट विचार कर."

"केलाय. माझं कोण आहे मागे? भाऊ आहे, तो सुखात आहे. अस्मिताचं दीड वर्ष राहिलंय. सांग माझं नाव."

"काय म्हणते ती?" मुदीरने विचारलं.

सुमन त्याच्याकडे वळली आणि एकच वाक्य बोलली. अरबी मला फार येत नाही, पण नाव कुठल्याही भाषेत नावच असतं. तिने 'सुमन' म्हटलं.

"हे काय सांगितलंस?" मी कुजबुजले.

"जे सांगायचं ते."

"मी माझं सांगितलं होतं!"

"तू गेलीस की तुझ्या जागी कोण? बाजी जाईपर्यंत बाजी, आणि ती या कागदावर काय सही करेल ते तुला माहीत आहे. पुढची यादी पुन्हा तोंडं बघून होईल." ती चहाचा कप उचलत, साहेबाकडे बघून हसत हे बोलत होती. "आणि सगळ्यांनी मत द्यावं म्हणून भांडलं कोण? मी. आता निकाल माझ्या सोयीचा नाही म्हणून फिरवू?"

"तो निकाल पिशवीने लावलाय, सुमन."

"लावू दे. चौसष्ट बटणं पडली की नाही? तुला काढायचं तर चौसष्ट जणींना विचारावं लागेल. मला तू एकटीने निवडलंस."

"अस्मिता?"

तिने कप खाली ठेवला.

अस्मिता नर्स झाली. एक वर्ष मधे घरी बसली, मग पुन्हा गेली, मग झाली. सुमनशी माझं फोनवर बोलणं होतं. ते मधलं वर्ष दोघी काय करत होत्या ते तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मी त्यानंतर सहा वर्षं तिथे राहिले. पुढच्या याद्या आल्या त्या आधी विचारून केल्या, हे कुणीही सांगेल. पण त्या दिवशी त्या खोलीत मला एवढंच करायचं होतं की मान उलटी हलवायची. नूरा माझ्याकडेच बघत होती. तिला माहीत होतं की मला हिंदी येतं, अरबी थोडं येतं, सगळं माहीत होतं. ती थांबली होती. मी मान हलवली असती तर तिने विचारलं असतं. मी गप्प बसले ती लाजेने, की आत कुठेतरी हायसं वाटलं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. लाजेने, असं मी बरीच वर्षं समजत आले. लाज ही फार सोयीची गोष्ट आहे.

"खलास?" मुदीरने विचारलं.

"खलास," सुमन म्हणाली.

नूराने बारा नावांचा कागद टेबलावर ठेवला. बारावं नाव तिने हातानेच लिहिलं होतं. सुमनने कागद माझ्यापुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. मी मराठीत पूर्ण नाव लिहायला लागले. पहिलंच अक्षर मी दोनदा गिरवलं.

"सावकाश, आपा," ती म्हणाली. "शाई पसरेल."